अकरा गुलाबी ठिपके

५ एप्रिल, शनिवार

आज एटापल्लीकडचा तो दगड पाहिला. एक दगड नव्हे, जंगलाच्या मधात उताणा पडलेला मोठा काळा पसारा. त्यावर गावच्या बायांनी मोहफुलं वाळत घातली होती. दुपारी एक वाजता मॅडमनी थर्मामीटर टेकवून पाहिला. एकसष्ट अंश. मी चप्पल काढून पाय ठेवला आणि लगेच उचलला.

हर्षा मॅडम आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, तासिकेवर. वय एकतीस, पीएचडीचं शेवटचं वर्ष. मी त्याच प्रयोगशाळेत परिचर. नवरा गेल्यावर अनुकंपेवर लागले. या उन्हात मॅडमसोबत यायला कोणी विद्यार्थी तयार होईना, म्हणून मी म्हटलं, मी येते. एकट्या पोरीला कसं पाठवायचं?

गावच्या शाळेतले लालसू मास्तर आमच्यासोबत होते. दगडावर मंगली नावाची बाई फुलं उलटीपालटी करत होती. साठीची असेल. तिला मराठी थोडी येते, उरलेलं मास्तर सांगत.

"दगड न्यायले आल्या?" तिनं विचारलं.

"नाही बाई. वरची काळी खपली फक्त खरडायची आहे. चमचाभर," मॅडम म्हणाल्या.

"इथी जो येते तो पहिले थोडंसंच नेते."

मॅडमनी सगळं उघडून दाखवलं. पाच काचेच्या नळ्या, एक पातं, स्पिरिट. हे एवढंच आणलं, पोतं नाही, गाडीत फावडं नाही. मंगलीनं गाडीत वाकून पाहिलं. खरंच नव्हतं. तेव्हा म्हणाली, "काऊन पायजे पण? याच्यावर काई नाई. दुपारी पाखरूबी नाई बसत."

"काही जगतं का, तेच पाहायचंय."

मंगली हसली. पण खरडू दिलं. आपल्या लुगड्याचा पदर मॅडमच्या डोक्यावर धरून उभी राहिली, सावली पडावी म्हणून.

८ एप्रिल, मंगळवार

मॅडम कालच नळ्या घेऊन नागपूरला गेल्या होत्या. तिथं एका संस्थेत शिशाच्या जाड पेटीत कोबाल्ट ठेवलेलं असतं, त्याचे किरण वस्तूवर सोडता येतात. आज आल्या आणि ती भुकटी प्लेटांवर पसरली. प्लेट म्हणजे काचेची बशी, आत जंतूंना खायला घातलेली खळ.

मी विचारलं, किती किरण दिले? म्हणाल्या, दहा हजार ग्रे, किरण मोजायचं माप ते.

"दहा हजार म्हणजे लई झाले?"

"कमलाबाई, माणसाच्या सगळ्या अंगावर पाच ग्रे पडले तरी वाचणं मुश्कील."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. पाच कुठं आणि दहा हजार कुठं. मग त्यात काय राहणार? असं मनात आलं, पण बोलले नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर आशा होती.

प्लेटा तीन. इनक्युबेटर तीस अंशावर. वेळ संध्याकाळचे पाच.

११ एप्रिल, शुक्रवार

प्लेटा कोऱ्या. मॅडमनी तिन्ही उजेडाला धरून पाहिल्या. म्हणाल्या, "मेलं सगळं. टाकून द्या, कमलाबाई." आणि लवकर घरी गेल्या.

टाकून देणं म्हणजे आधी वाफेच्या कुकरात शिजवणं, मग फेकणं. कुकरचं रबर फाटलं आहे. नवीन मंगळवारी येणार. खरं लिहायचं तर परीक्षेसाठी ठेवलेल्या छोट्या कुकरात बसवल्या असत्या तर बसल्या असत्या. पण मला घरी जायची घाई होती. सोमवारी जयंती. वस्तीत खिरीचं काम माझ्याकडे आहे. प्लेटा होत्या तिथंच ठेवल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी साडेदहाला प्लेटा काढल्या आणि हात थांबला.

पहिलीत चार ठिपके, दुसरीत सात, तिसरी कोरी. अकरा. मोहरीच्या दाण्याहून लहान, रंग गुलाबी, कडा गोल, वरून चमकदार. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. अकराच.

आधी वाटलं, गुपचूप शिजवून टाकावं. शुक्रवारी सांगितलेलं काम मंगळवारपर्यंत केलं नाही, याची बोलणी बसतील. अर्धा तास तशीच बसले. मग प्लेटा पदराखाली झाकून नेल्यासारख्या मॅडमच्या टेबलावर नेल्या.

"मॅडम, चुकी झाली. फेकल्या नाई मी."

मॅडमनी झाकण न उघडता पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या. मला वाटलं, आता रागावतात. तर हळूच म्हणाल्या, "कमलाबाई, दार लावून घ्या. पंखा बंद करा."

पंखा बंद केला. त्या उकाड्यात आम्ही दोघी त्या अकरा ठिपक्यांकडे पाहत बसलो.

१६ एप्रिल, बुधवार

आज मॅडमनी मला गोष्ट सांगितली. १९५६ साली अमेरिकेत मांसाचे डबे टिकावेत म्हणून त्यांना असेच किरण दिले. सगळे जंतू मरतील असा हिशेब होता. तरी एक डबा नासला. आत पाहतात तर एक लालसर जंतू मजेत वाढत होता. जगात तो पहिल्यांदा तेव्हा दिसला.

मी म्हटलं, "छप्पन साली?"

"हो. का?"

"आमच्या चांद्याले दीक्षा झाली ते साल. आई नऊ वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून आली होती."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मग तो तुमच्या आईच्या वेळचा." पण तसं नाही ना. दिसला तेव्हा. असेल तर कधीपासूनचा.

मग म्हणाल्या, किरण लागले की जंतूच्या आतला धागा, ज्यावर त्याचं सगळं लिहिलेलं असतं, त्याचे शेकडो तुकडे होतात. आणि हा थोड्याच तासांत ते तुकडे पुन्हा जोडतो. अक्षर न अक्षर.

"कसं जोडते?"

"त्याच्याकडे एकाच मजकुराच्या चारेक प्रती असतात. एकीत जिथं फाटलं, तिथं दुसरीत शाबूत असतं. ते बघून जुळवतो."

हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. दोन बीकर फोडले.

२१ एप्रिल, सोमवार

मोठे सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, आज पाहायला आले. मॅडमचे मार्गदर्शकही तेच. प्लेटा पाहिल्या, टिपण पाहिलं, विचारलं, "शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत या कुणाच्या ताब्यात होत्या?"

मॅडम म्हणाल्या, कमलाबाईंच्या.

"मग झालं. हवेत, हातावर गुलाबी जंतू कितीतरी असतात. किरण देऊन झाल्यावर पडलं असेल काही. हे लोक हात कुठं कुठं लावतात, स्वच्छतेची सवय असते थोडीच. हे छापायला पाठवाल तर नाव जाईल कॉलेजचं."

'हे लोक' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. मी उभी होते तिथंच होते.

सर गेल्यावर मॅडम भांडारात गेल्या. वीस मिनिटांनी आल्या तेव्हा तोंड धुतलेलं, डोळे लाल. आज सेहेचाळीस होतं, ऊन लागलं असेल. मी कांदा-गूळ आणून दिला. त्यांनी घेतला नाही. टेबलाचा खण आवरत बसल्या, स्वतःची पुस्तकं पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, घरी न्यायची आहेत. इतकी सगळी एकदम कशाला, कोण जाणे.

२२ एप्रिल, मंगळवार

काल झोप लागली नाही असं नाही, लागली. पण सकाळी उठून हात पाहत बसले.

सरांची शंका साफ खोटी नव्हती. मीच आठवून पाहिलं. त्या मंगळवारी प्लेटा काढताना हात धुतले होते का? धुतले होते. शुक्रवारी झाकण उचललं होतं का? नाही. मॅडमनी उचललं होतं का? तेही नाही. पण मला शपथेवर विचारलं तर? शपथ घेऊन जंतू खरा ठरत नाही.

सरांनी जे शेवटी म्हटलं ते मात्र शंका नव्हती. ते दुसरं होतं.

भांडी धुताना सुचलं. मॅडमना जाऊन म्हटलं, "मॅडम, माह्या हाताचे जंतू घ्या. तुमचे घ्या. सरायचे पण घ्या. सगळ्यायले त्या पेटीत ठेवा, आन हे गुलाबीवाले पण पुन्हा ठेवा. जो मरन तो हाताचा. जो वाचन तो दगडाचा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. चूक बोलली का?"

त्यांनी पिशवी उघडली आणि पुस्तकं परत खणात ठेवायला लागल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

सर आधी नाही म्हणाले. मॅडमनी सांगितलं, "सर, तुमचाच मुद्दा तपासायचाय. तुम्ही बरोबर असाल तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही." तेव्हा तयार झाले. वर स्वतः एक गोष्ट जोडली. दगडाची नवीन भुकटी आणायची, आणि सोबत नुसत्या शुद्ध पाण्याच्या नळ्याही न्यायच्या. पाण्याच्या प्लेटेत काही उगवलं तर ते बाहेरचं. हे सरांनी नीट सांगितलं. सर हुशार आहेत, ते मला नाकारायचं नाही.

६ मे, मंगळवार

पुन्हा एटापल्ली. पाऊस यायच्या आत जायलाच हवं होतं. मोहफुलांचा मोसम सरला आहे, दगड रिकामा. मंगली लांबून आली, सोबत मास्तर.

"पुन्हा आल्या? मी म्हटलं नव्हतं, पहिले थोडंसंच नेतात म्हणून?" मास्तरांमार्फत बोलली, पण हसत नव्हती.

मॅडमनी फोनमधला फोटो दाखवला. मंगलीनं फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"हे दगडातलं?"

"वाटतं तसं. पण आमच्या सरांना वाटतं, बाईंच्या हाताचं आहे. म्हणून पुन्हा पाहायचंय."

मंगलीनं माझे हात पाहिले. धरून, उलटे करून. साबण-सोड्यानं बोटांची कातडी सोललेली आहे. ती मास्तरांना काहीतरी म्हणाली. मास्तर थोडे अडखळले, मग म्हणाले, "ती म्हणते, या हातावर काय जगणार आहे."

आम्ही तिघी हसलो. मग मी विचारलं, पावसाळ्यात हा दगड कसा असतो? मंगली म्हणाली, चार महिने यावर पाणी वाहतं, हिरवा होतो, पाय घसरतो. मग वाळत जातो. होळीनंतर असा, तव्यासारखा.

गाडीत मॅडमना विचारलं, "जमिनीवर इतके किरण तर कुठीच नाई. मंग हा जंतू शिकला कुठी?"

म्हणाल्या, "वाळण्यातून, असं मानतात. पार कोरडं पडलं की आतला धागा तसाच तुटतो. ज्याला वाळून पुन्हा जगता येतं, त्याला किरणही मारू शकत नाहीत."

म्हणजे त्या दगडावर दरसाल हेच होत असेल. उन्हाळाभर तुकडे तुकडे होऊन पडायचं. पाऊस आला की जोडून उठायचं. आणि वर बाया फुलं वाळवतात, कोणाला पत्ता नाही. आष्टी गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. रस्त्याकडेचा प्रत्येक दगड आता वेगळा दिसत होता.

८ मे, गुरुवार

आज बोटांचा दिवस. मॅडमनी आपली पाच बोटं प्लेटेवर टेकवली. मग मी. मग सरांनी घड्याळ काढून ठेवलं आणि टेकवली. प्लेटांवर नाव नाही, नुसते क्रमांक. कोणता कोणाचा ते सरांनी पाकिटात घालून सही केली.

१० मे, शनिवार

तिन्ही प्लेटांवर उगवलं आहे. पांढरे, पिवळे, खवल्यासारखे. दोन क्रमांकाची प्लेट सगळ्यात भरलेली. तिच्यात मधोमध एक गुलाबी.

सर खूश झाले. "बघा. हाच तो." पाकीट फोडलं.

दोन नंबर सरांचा होता.

सर चष्मा पुसत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. हसू आलं नाही. गुलाबी हातावर असतो हे तर सरांचं खरंच निघालं. आता तो पेटीत मेला नाही तर सगळं गेलं.

१४ मे, बुधवार

सगळं नागपूरहून आलं. तिघांच्या हातांचे जंतू, सरांचा गुलाबी वेगळा, एप्रिलचे गुलाबी, नवीन दगड, नुसतं पाणी. सगळ्यांना सारखे दहा हजार. प्लेटा माझ्याकडूनच लावून घेतल्या, मुद्दाम. इनक्युबेटरला सरांनी कागदाची पट्टी चिकटवून सही केली. काचेतून पाहायचं, उघडायचं नाही. वेळ दुपारचे चार.

१६ मे, शुक्रवार

काही नाही.

१७ मे

काही नाही. मॅडमनी जेवणाचा डबा उघडला नाही.

१८ मे, रविवार

सुट्टी असून गेले. चौकीदाराला म्हटलं, पंखा चालू राहिला वाटते. काचेतून पाहिलं. एका प्लेटेवर काहीतरी आहे की काचेवर डाग आहे, कळेना. कोणाला सांगितलं नाही. डाग असला तर?

१९ मे, सोमवार

डाग नव्हता.

सर साडेअकराला आले आणि स्वतःच्या हातानं पट्टी काढली. प्लेटा एकेक करून टेबलावर ठेवल्या. मॅडमचा हात, कोरी. माझा हात, कोरी. सरांचा हात, कोरी. सरांचा गुलाबी, कोरी. पाणी, कोरी.

एप्रिलचे गुलाबी: मोजता येणार नाहीत इतके. नवीन दगड: पहिलीत सहा, दुसरीत नऊ, तिसरीत पाच.

सरांनी त्यातली नऊ ठिपक्यांची प्लेट उचलली आणि खिडकीशी गेले. उजेडाला धरून पाहिली. मग परत येऊन खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "कमलाबाई, बसा."

त्या खोलीत मी कधी बसले नव्हते. स्टूल ओढून बसले.

"मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. जंतूबद्दलची शंका घ्यायलाच हवी होती. ती मी पुन्हाही घेईन. दुसरं बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "सर, हात तर सगळ्यायचेच भरले होते."

सर म्हणाले, "हो. माझा सगळ्यात जास्त."

तेव्हा मॅडमना रडू आलं. यावेळी त्यांनी तोंड धुवायला जायची घाई केली नाही.

११ जून, बुधवार

पुण्याला ओळख पटवायला पाठवलेल्या गुलाबीचा अहवाल आला. छप्पन सालच्या त्या जंतूच्या घराण्यातलाच आहे, पण अगदी तोच नाही. जुळता जुळता थोडा वेगळा. नवीन आहे का, हे ठरायला अजून वर्ष लागेल. मॅडम म्हणतात, घाई नाही. असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

सोबत नागपूरहून जंतूच्या आतल्या त्या धाग्याचा फोटोही आला आहे. त्यात तीन उभे पट्टे. पहिला किरणांच्या आधीचा. त्यात ठळक, सरळ रेघा. दुसरा किरणांच्या लगेच नंतरचा. त्यात एकही रेघ नाही, नुसता धूर पसरल्यासारखा. तिसरा सहा तासांनंतरचा. त्यात रेघा पुन्हा उभ्या, पहिल्यासारख्याच, त्याच जागी.

मी पहिला आणि तिसरा यांच्यात फरक शोधत बसले. अर्धा तास शोधला. नाही सापडला. सहा तास म्हणजे मी सकाळी येते ते संध्याकाळी कुलूप लावायच्या आधीच. तेवढ्यात त्या धुराच्या पुन्हा रेघा झाल्या, कोणी न शिकवता, अंधाऱ्या नळीत. सांगायचं कोणाला? घरी खुशबूला सांगितलं तर म्हणाली, "आई, तुले काय झालं, रडून काऊन राह्यली?" मी म्हटलं, रडून नाही राह्यली.

१३ जून, शुक्रवार

आज मॅडमनी एक काचपट्टी केली, एप्रिलच्या ठिपक्यातला कणभर घेऊन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भिंगाचं बटण फिरवून नीट केलं आणि उठल्या. "बसा, कमलाबाई."

सतरा वर्षं मी या काचपट्ट्या धुते आहे. दिवसाला शंभर-दीडशे. आत काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मॅडम म्हणाल्या, एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा, सैल बसा. मग एकदम उजेड आला, गोल, आणि त्यात ते होते. चार-चारचे पुंजके. चार गोल, एकमेकांना टेकून, मधे क्रॉससारखी बारीक फट. इकडे चार, तिकडे चार, कडेला दोनच, अजून पुरे व्हायचे असलेले. एका गोलाच्या मधात हलकीशी खाच पडली होती, एकाचे दोन व्हायला निघालेले. वीस हजार झाले दोन्ही वेळचे मिळून. वीस हजार ग्रे खाऊन हे तिथं बसून वाढत होते, आणि दिसायला इतके साधे.

मागे विद्यार्थी येऊन उभे राहिले होते, त्यांचा तास सुरू व्हायचा होता. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला. "दिसलं ना? झालं?"

मी डोळे काढले नाहीत.

"थांबा," मी म्हटलं, "अजून पाहून राह्यली."